सत्तेचाळिसावा

केल्सो लेक, सस्कॅचवान
९ जानेवारी २०१८

प्रिय आर्विड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच शेगडीत टाकलं नसशील, असं धरून लिहितो आहे. तुझं घर माझ्या दारापासून नऊ किलोमीटरवर आहे. माणूस चालतसुद्धा येईल. पण मी पोस्टाचं तिकीट लावतो आहे. का, ते तुला माहीत आहे.

कामाचं आधी सांगतो. टोरांटोच्या एका मासिकानं आइस हॉकीतल्या आजवरच्या शंभर थोर खेळाडूंची नवी यादी करायला घेतली आहे. पंधरा जणांची समिती आहे, मी त्यातला एक. मागची यादी वीस वर्षांपूर्वी झाली, तेव्हा तू सत्तेचाळिसावा होतास. त्याही समितीत मी होतो. मी तुला कितवा क्रमांक दिला होता, ते विचारू नकोस.

परवा संगणकावर पहिली बैठक झाली. नोएमी गॅन्यों नावाची एक मुलगी आहे, मॉन्ट्रियलची, तिशीची असेल. आकड्यांची पक्की. तिनं तुझे गोल, तुझे पास, तू बर्फावर असताना संघानं केलेले आणि खाल्लेले गोल, सगळं मांडलं आणि म्हणाली, "लिंडाल अकरावा येतो. सत्तेचाळिसावा कसा काय झाला होता, मला कळतच नाही."

आमचा अध्यक्ष क्लाइव्ह प्रेंटिस. जुना माणूस. तो हसला. "पोरी, आकड्यांना छाती नसते. हा गडी कर्णधार, आणि अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, बरोबरी असताना, दहा मिनिटं उरलेली असताना, बाकावरून उठून कपडे बदलायच्या खोलीत गेला. जखम नाही, रक्त नाही. संघ हरला." आणि मग त्यानं ते वाक्य पाठ म्हणून दाखवलं. 'थोर खेळाडू हरतात. बाक सोडून जात नाहीत.'

"हे कुणी लिहिलंय?" नोएमीनं विचारलं.

"अगं, ते काय, बाबियाक तुझ्यासमोर बसलेत की," क्लाइव्ह म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

इथंही तोच विषय. सकाळी नऊला को-ऑपच्या दुकानात, कोपऱ्यातल्या टेबलावर आमची कॉफी असते. डेल्मर फ्रीसेन मला म्हणतो, "आपल्या आर्विडला पहिल्या दहात नाही घातलास, तर तुझ्या गाडीच्या चारही चाकांची हवा काढीन, सांगून ठेवतो." त्यावर मर्व्ह: "पहिल्या दहात? मग त्या दिवशी शेपूट घालून कोण गेलं होतं? तुझी आजी?" डेल्मर म्हणाला, "माझ्या आजीनं तुझ्यापेक्षा जास्त गोल मारलेत, मर्व्ह, आणि तेही स्वयंपाक आटपून."

शेवटची बैठक चोवीस फेब्रुवारीला आहे. तुझ्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे, कारण मी तुझ्या गावचा. म्हणून एक मागणं आहे. त्या दिवशी नेमकं काय झालं, ते तुझ्या शब्दांत दोन ओळी लिहून पाठवशील का? तुझी बाजू कुणी कधी ऐकलीच नाही. मी ती समितीपुढे ठेवीन.

तुझा,
ऑरेस्ट बाबियाक


२६ जानेवारी

प्रिय आर्विड,

तुझं उत्तर आलं नाही. पण सॉल्वेग भेटली. तुला तिनं सांगितलं असेल. नसेल, तर मी सांगतो.

मंगळवारी उणे चौतीस होतं. पोस्टाच्या दारात मी चष्म्यावरचं धुकं पुसत होतो, तेवढ्यात आवाज आला, "बाबियाकसाहेब." लहानपणी ती मला ऑरेस्टकाका म्हणायची. माझ्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या, त्या स्वतःच्या हातानं काढून घ्यायची. आता एक्केचाळीस वर्षांची बाई आहे, शाळेत शिकवते, आणि डोळे थेट तुझे. मला ओशाळल्यासारखं झालं.

मी म्हणालो, "बाबांना माझं पत्र मिळालं?"

"मिळालं."

"वाचलं त्यांनी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाबा वाचत नाहीत. तुम्हाला माहीत नाही? सदतीस वर्षं झाली. ओळी एकमेकींवर चढतात, दोन मिनिटांत डोकं फुटायला लागतं. बियाण्याच्या पोत्यावरचं नावसुद्धा मी वाचून देते. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं."

मी पुन्हा चष्मा पुसायला लागलो.

"तुम्ही लिहिलंय, त्या दिवशी काय झालं ते दोन ओळींत कळव. तिथं बाबांनी मला थांबवलं. म्हणाले, पुढचं राहू दे. मी म्हटलं, उत्तर काय लिहू? तर म्हणाले, काही लिहू नको, त्याला माहीत आहे." तिनं हातमोजे चढवले. "काय माहीत आहे तुम्हाला? पत्र वाचल्यापासून मी विचारते आहे त्यांना. आईलाही त्यांनी कधी सांगितलं नाही. आई गेली तशीच."

मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे, सविस्तर लिहीन.

"लिहा," ती म्हणाली. "लिहायला तर तुम्हाला छानच येतं."

आर्विड, मला खरंच ठाऊक नव्हतं की तू वाचू शकत नाहीस. तू त्यानंतर दोन मोसम खेळलास. बावीस गोल केलेस. मला वाटलं होतं, गेलं असेल ते. वाटलं होतं म्हणजे, मी तसं धरून चाललो होतो. चौकशी केली नाही.

त्या दिवसाबद्दल मी एवढंच म्हणू शकतो, की क्लबच्या व्यवस्थापकानं आम्हा सगळ्या बातमीदारांना सामन्यानंतर सांगितलं होतं, लिंडाल ठणठणीत आहे, त्याला काही झालेलं नाही. मी जे पाहिलं ते लिहिलं. तू उठलास, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि तूच मला म्हणाला होतास, कुणाला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. माझा शब्द मी पाळला.

हे वाक्य लिहून मी तासभर खिडकीशी बसलो. तरी खोडत नाही. तसंच राहू दे.

ऑरेस्ट


११ फेब्रुवारी

आर्विड,

सॉल्वेग, हे तू मोठ्यानं वाचते आहेस. तुझ्यासमोर बोलायचं म्हणून दोन आठवडे मी लिहिण्याचं टाळलं. बाबा थांब म्हणाले तरी या वेळी थांबू नकोस. एवढं ऐक.

आर्विड, १९८१ चा मे महिना. सहाव्या सामन्यात तू कडेच्या फळ्यांवर आदळलास, डोकं आधी. उठलास, दोन फेऱ्या मारल्यास, खेळत राहिलास. दुसऱ्या दिवशी, सातव्या सामन्याच्या सकाळी, तू मला हॉटेलच्या खोलीत बोलावलंस. पडदे ओढलेले होते. तू पलंगाच्या कडेवर बसला होतास आणि मांडीवर न्याहारीचं कार्ड होतं. म्हणालास, "ऑरेस्ट, मला हे वाचता येत नाहीये." मला आधी थट्टाच वाटली. मग तू म्हणालास, "मला बर्फावर एका चकतीच्या तीन दिसतात. कोचला सांगितलं. ते म्हणाले, मधल्या चकतीला मार."

तू घाबरला होतास. लहानपणी तुझ्याबरोबर तळ्यावर खेळलो. बर्फ पायाखाली करकरायचं तेव्हाही तू घाबरत नव्हतास. त्या दिवशी कार्ड तू पालथं करून ठेवलंस. "कुणाला सांगू नकोस," म्हणालास. "पोरांना कळलं तर त्यांचा धीर सुटेल. मी जमेल तेवढं खेळतो. आणि माझ्यामुळे हरायची वेळ आली, तर मी आपणच बाजूला होईन."

तसंच झालं. दोन-दोन बरोबरी. तिसऱ्या सत्रात तू चकती सरळ त्यांच्या माणसाच्या काठीवर दिलीस. आपला गोलरक्षक होता म्हणून वाचलो. तू परत आलास, बाकावर बसलास, कोचच्या कानाशी काहीतरी बोललास. त्यानं मान फिरवली. मग तू उठलास. मी पत्रकारांच्या सज्जातून बघत होतो. तिथल्या अठरा हजार माणसांत तू का उठलास हे कळलेले तिघंच होते: तू, तो कोच आणि मी.

जादा वेळेत संघ हरला. व्यवस्थापक म्हणाला, त्याला काही झालेलं नाही. मी त्याला विचारू शकलो असतो. मी वही मिटली आणि टंकयंत्रावर जाऊन बसलो. चाळीस मिनिटांत लेख झाला. आयुष्यात इतकं सफाईनं मी कधी लिहिलं नव्हतं.

तू गप्प राहा म्हणालास, म्हणून मी गप्प राहिलो, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. खोटं आहे ते. गप्प राहायचं होतं तर काहीच लिहायचं नव्हतं. तू मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतंस. मी तुझ्याविरुद्ध उघडलं.

आणि का, ते. आपण सतरा वर्षांचे असताना रेजायनाहून निवड करणारी माणसं आली होती. गावात सगळ्यांना मी सांगत आलो की माझा गुडघा गेला होता, नाहीतर दोघेही गेलो असतो. बायकोलाही तेच सांगितलं. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. ते तुझ्याकरता आले होते. मधल्या वेळेत त्यातल्या एकानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता विचारणार. तर म्हणाला, "त्या लिंडालच्या घरचे कसे आहेत रे?"

मग मी तुझ्यावर लिहून पोट भरलं. अकरा वर्षं. तुझ्यावरचे सगळ्यांत चांगले लेख माझे होते, कारण तू काय करणार हे तू करायच्या आधी मला कळायचं. आणि त्या दिवशी तू उठून खोलीकडे जाणाऱ्या बोगद्याकडे चालायला लागलास, तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं. दुःख नव्हतं ते. हे मी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं, आर्विड.

त्या लेखामुळे मला टोरांटोची नोकरी लागली, ती निवृत्त होऊन गावी परतेपर्यंत पुरली. आणि मागच्या यादीत मी तुला शंभरातच घेतलं नव्हतं. बाकीच्यांच्या मतांवर तू सत्तेचाळिसावा आलास.

चोवीस तारखेला मी हे सगळं समितीपुढे सांगणार आहे. तू नको म्हणालास, तरच थांबेन. सॉल्वेगकरवी निरोप धाड.

ऑरेस्ट


६ मार्च

आर्विड,

निरोप आला नाही. तेव्हा मी सांगितलं.

क्लाइव्हनं प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटं दिली होती. तुझं नाव आल्यावर मी आधी तुझ्या खेळाबद्दल बोललो. ते कुणीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, वेगवान खेळाडू पुष्कळ झाले. आर्विड लिंडाल वेग कमी करायचा. तो एकदम संथ व्हायचा आणि समोरचे दोघे आपल्याच वेगानं पुढे निघून जायचे. मग मागे जी मोकळी जागा उरायची, तिथं तो पास द्यायचा. आज हे सगळे करतात. तुझ्या आधी कुणी केलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग सातवा सामना सांगितला. त्या सकाळपासून.

नोएमीनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सामन्याच्या आधीपासून?"

"सकाळपासून."

तिचं चित्र पडद्यावरून गेलं. नुसतं नाव राहिलं.

कुणीतरी म्हणालं, ठीक आहे, पण मार खाऊनही खेळत राहिलेले थोडे आहेत का? मोडक्या जबड्यानं खेळलेत लोक. तेव्हा त्या नावामागून नोएमीचा आवाज आला, "ज्यांची डोकी फुटली आणि जे खेळत राहिले, त्यातल्या किती जणांना आज आपल्या बायकोचं नाव सांगता येतं? यादी आहे तुमच्याकडे? माझ्याकडे आहे." मग म्हणाली, "तो स्वतःहून बाजूला झाला, कारण आपल्यामुळे संघ हरेल असं त्याला वाटलं. कर्णधारानं आणखी काय करायचं असतं?"

क्लाइव्ह माझ्यावर फार चिडला. आयुष्यभर त्यानं ते वाक्य लोकांना ऐकवलं होतं. म्हणाला, "मला खोट्यात पाडलंस तू, बाबियाक." मग नियम पाहून त्यानं माझं मत बाद केलं. मी तुला सहावा दिला होता. तो खोडला. उरलेल्या चौदा जणांनी मतं दिली. तू चौदावा आलास.

माझा लेख शनिवारी छापून आला. 'मी खोटं लिहिलं' एवढंच शीर्षक द्या, असं मी संपादकाला सांगितलं होतं आणि त्यानं ते पाळलं. सोमवारी सकाळी मी को-ऑपमध्ये गेलो. न जाणं सोपं होतं. टेबलावर माझ्या नेहमीच्या जागी कप होता. डेल्मरनं तो उचलला, खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवला आणि परत येऊन आपल्या जागी बसला.  मर्व्ह मात्र उठून माझ्याकडे आला. मला वाटलं मारतो. त्याचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाला, "मी सदतीस वर्षं त्याच्या तोंडावर बोलत आलो रे. लग्नात, मयतीत, धान्याच्या रांगेत. त्यानं एकदा तरी सांगायचं होतं." मग तो गेला, कॉफी तशीच टाकून.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. चौदावा आलास, एवढं कळवायचं होतं.

ऑरेस्ट


१८ मार्च

प्रिय सॉल्वेग,

तू चिठ्ठीत विचारलं आहेस की गुरुवारी तू शाळेत असताना घरी काय झालं, बाबांचे बूट आतून ओले कसे, आणि ते गप्प का आहेत. त्यांनी तुला सांगितलं नाही, पण 'त्याला विचार' असं म्हणाले, म्हणून लिहितो.

त्यांनी डेल्मरकडून फोन करवला होता. निरोप असा होता: गुरुवारी दुपारी ये, आणि तो जुना लेख घेऊन ये. मला वाटलं, नवा म्हणत असतील. डेल्मर म्हणाला, "जुना. दोनदा विचारून घेतलंय मी."

मी गेलो. त्यांनी दार उघडलं, मला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी ओतली. थकले आहेत गं. खांदे तेवढे तसेच आहेत. मी यादीचा विषय काढला, तर म्हणाले, "चौदावा. तेरावा कोण?" मी नाव सांगितलं. "तो? त्याला तर डावीकडून पास घेता येत नव्हता." क्षणभर आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी हसणं थांबवलं. म्हणाले, "वाच."

"काय वाचू?"

"तू लिहिलेलं. मी ते कधी वाचलं नाही. तेव्हा वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखव असं म्हणायचं कुणाला? लोक तुकडे ऐकवायचे. ते एक वाक्य तर फारच. सबंध मला माहीत नाही. पहिल्या शब्दापासून वाच."

मी म्हणालो, आर्विड, हे नको. ते वाट बघत बसले.

मी वाचलं. पावणेदोन पानं. माझं स्वतःचं लिखाण, माझ्या तोंडून, त्यांच्या समोर. दोनदा मी थांबलो. दोन्ही वेळा त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाले, "पुढे." त्यात मी लिहिलंय की या माणसाला मी तळ्यावर स्केट बांधायला शिकलो तेव्हापासून ओळखतो, आणि म्हणून हे लिहिताना माझा हात जड झाला आहे. ते वाक्य मला शेवटपर्यंत नीट वाचता आलं नाही.

संपल्यावर ते पुष्कळ वेळ हाताच्या पंजाकडे बघत होते. मला शिव्या चालल्या असत्या. ते म्हणाले, "छान लिहिलंयस रे. मीसुद्धा विश्वास ठेवला असता."

मग मला ही गोष्ट कळली. तुला माहीत आहे की नाही, ठाऊक नाही. तुझे आजोबा, गुन्नार, रोज को-ऑपच्या टेबलावर बसायचे. लेख आला त्या दिवसापासून त्यांनी जाणं सोडलं. जूनमध्ये तुझे बाबा घरी आले, तेव्हा जेवताना आजोबा एवढंच म्हणाले, "उठून जायला नको होतं." बाबांनी खरं सांगितलं नाही. "एकाला सांगून बघितलं होतं," मला म्हणाले. "दुसऱ्याला सांगायची छाती झाली नाही. आणि मला वाटायचं, बापाला सांगावं कशाला लागतं? कागदावर काहीही येईल. बापानं पोराला ओळखायला नको?" तीन वर्षांनी आजोबा गेले. दफनाला बाबा उभे राहिले, पण त्यानंतर त्या दगडापाशी एकदाही गेले नाहीत. तू त्यांना दरवर्षी विचारायचीस आणि ते गुडघ्याचं कारण सांगायचे, हे त्यांनीच मला सांगितलं.

"सदतीस वर्षं मी म्हाताऱ्यावर रागावून आहे," ते म्हणाले. "तुझ्यावर होतो त्याहून जास्त. आज सबंध ऐकलं. तो त्या टेबलावर बसला असेल, सगळ्यांच्या देखत, आणि हे वाचलं असेल. माझ्या जिवलग मित्रानं लिहिलेलं. हात जड झाला म्हणे. त्यानं विश्वास नाही ठेवायचा तर काय करायचं? त्याची चूक नव्हती."

ते उठले आणि कोट शोधायला लागले. "तुझी गाडी सुरू होते ना?" म्हणाले.

चर्चच्या मागची वाट यंदा कुणी उपसलेली नाही. बर्फ मांडीपर्यंत होतं. मी म्हणालो, मी पुढे होऊन वाट पाडतो. ते म्हणाले, "तू गाडीत बस." मग मी इंजिन चालू ठेवून बसलो. ते एकेक पाय काढत गेले. दोनदा बसले. तिथं पोचल्यावर टोपी काढली, हातमोजा काढला आणि उघड्या हातानं दगडावरचं बर्फ काढायला लागले. सगळं नाव मोकळं होईपर्यंत काढत राहिले. मग बोलले काहीतरी. बराच वेळ बोलले. मी काच खाली केली नाही, सॉल्वेग. वारा माझ्याच बाजूला होता आणि काच खाली केली असती तर ऐकू आलं असतं.

परत येताना ते थरथरत होते. मी गाडीतला उबारा वाढवला. तुमच्या फाटकापाशी ते उतरत असताना मी हात पुढे केला. त्यांनी तो बघितला, पण घेतला नाही. म्हणाले, "मी बोलावीन तेव्हा ये. त्याच्या आधी नको."

मी बरं म्हणालो. बोलावतील की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत. पत्र लिहिणार नाही, वाटेत गाठणार नाही, डेल्मरकरवी चौकशी करणार नाही. त्यांना एवढं वाचून दाखव.

ऑरेस्ट